नकाशावरचे वर्तुळ आणि विद्यार्थ्यांची वाट

वाचकाचे पत्र

माझी रत्नागिरी शहरात खाणावळ आहे. कॉलेज चालत आठ-दहा मिनिटांवर आहे. दुपारचे ताट ९० रुपयांना देते, काही मासिक मेंबर आहेत आणि भाड्याच्या खोल्या घेऊन राहणाऱ्या मुलामुलींना डबेही जातात. अलीकडे याच रस्त्यावर नवीन स्टॉल आणि कॅफे सुरू झाल्याने मुलांची गर्दी कमी झाली आहे. भाच्याच्या ओळखीचा एक जाहिरातवाला महिना ६,००० रुपयांत ‘जिओफेन्सिंग’ करून देतो म्हणतो. मुलगा कॉलेजच्या गेटवर आला की त्याच्या मोबाइलवर आपली ऑफर झळकेल, असे त्याचे म्हणणे आहे. शिवाय वेगळे पैसे दिले तर कॉलेजातल्या मुलांच्या नंबरांची यादीही मिळवून देईन, असे तो सांगतो. मला ताटामागे जेमतेम १५ रुपये सुटतात. हा खर्च करावा का?

— एक वाचक भगिनी, रत्नागिरी

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आधी देतो आणि कारणे मागाहून सांगतो. सहा हजारांचे ते पॅकेज घेऊ नका, आणि नंबरांची यादी तर फुकट मिळाली तरी घेऊ नका. मात्र विद्यार्थी कुठे आहे हे ध्यानात घेऊन त्याच्या मोबाइलपर्यंत पोहोचण्याची कल्पना मुळात चांगली आहे. तुमच्यासारख्या लहान व्यवसायाला ती बरीचशी बिनखर्चात वापरता येते, फक्त ती कोणासाठी आणि वर्षाच्या कोणत्या आठवड्यांत वापरायची हे आधी ठरवावे लागते.

प्रथम त्या ‘गेटवर ऑफर झळकण्या’विषयी. जिओफेन्स म्हणजे नकाशावर आखलेले, डोळ्यांना न दिसणारे कुंपण. फोनने ते ओलांडले की सूचना पाठवता येते हे खरे आहे. पण त्यासाठी त्या फोनमध्ये संबंधित अ‍ॅप असावे लागते आणि अ‍ॅप उघडलेले नसतानाही लोकेशन वापरण्याची परवानगी मुलाने स्वतः दिलेली असावी लागते. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून ‘अ‍ॅप वापरत असतानाच’ एवढीच परवानगी देण्याची सोय झाली. पुढे आयफोनवर २०२० मध्ये आणि अँड्रॉइडवर २०२१ मध्ये अचूक जागेऐवजी ‘अंदाजे लोकेशन’ देण्याचाही पर्याय आला. अँड्रॉइडवर मुलाने तो निवडला, तर तो साधारण तीन चौरस किलोमीटरच्या टापूत कुठेतरी आहे, एवढेच अ‍ॅपला समजते. तुमच्या खाणावळीचे अ‍ॅप नाही आणि ते करण्याच्या फंदात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण दुपारच्या जेवणासाठी म्हणून मुले वेगळे अ‍ॅप घेत नाहीत आणि घेतले तरी महिनाभरात काढून टाकतात.

समजा परवानगीही मिळाली, तरी गेटाइतकी नेमकी जागा पकडणे अवघडच आहे. असे कुंपण किमान १०० ते १५० मीटर त्रिज्येचे ठेवावे, असा सल्ला गूगल स्वतःच अ‍ॅप तयार करणाऱ्यांना देते. जवळपास वाय-फाय असेल तर फोनला आपली जागा २० ते ५० मीटरपर्यंत नेमकी कळते, पण वाय-फाय नसलेल्या ग्रामीण भागात हीच चूक काही शे मीटरपासून काही किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. शिवाय बॅटरी वाचवण्यासाठी फोन सारखी जागा तपासत नाही, त्यामुळे सूचना दोन-तीन मिनिटे उशिरा येते आणि तोवर मुलगा गेट ओलांडून वर्गात बसलेला असतो. जवळून जाणाऱ्याच्या फोनवर आपोआप सूचना दाखवण्याचा प्रयोग गूगलनेही ‘निअरबाय नोटिफिकेशन्स’ या नावाने करून पाहिला होता. उपयोगी माहितीपेक्षा नकोशा जाहिरातीच वाढल्या म्हणून डिसेंबर २०१८ मध्ये तो बंद करण्यात आला.

तेव्हा हा गृहस्थ तुम्हाला जे देणार आहे ती बहुधा इन्स्टाग्राम किंवा गूगलवरची साधी परिसरनिहाय जाहिरात असावी. ती वाईट नाही, पण तिचे वर्णन खरे असायला हवे. जाहिरात कोणत्या अ‍ॅपमध्ये दिसणार, जाहिरातीचे खाते कोणाच्या नावावर राहणार, आणि सहा हजारांपैकी प्रत्यक्ष जाहिरातीवर किती जाणार व त्याची मजुरी किती, हे तीन प्रश्न त्याला विचारा. खाते तुमच्या नावावर करायला तो तयार नसेल तर बोलणे तिथेच थांबवा, कारण उद्या तो निघून गेला तर आजवरचा सगळा हिशेब त्याच्याबरोबर जाईल.

सहा हजार भरून काढायचे तर ताटामागे १५ रुपयांच्या हिशेबाने महिन्याला ४०० ताटे जास्त जायला हवीत, म्हणजे महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज पंधरा-सोळा. तेवढी मुले त्याच अर्ध्या तासाच्या सुट्टीत आली तर तुमच्याकडे बसायला जागा आणि वाढायला हात आहेत का, हेही पाहावे लागेल.

आता वर्तुळाविषयी. गूगलच्या जाहिरातीत नकाशावर आखायचे वर्तुळ एक किलोमीटर त्रिज्येपेक्षा लहान करता येत नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामवरही मर्यादा जवळपास तशीच आहे. एक किलोमीटरचे वर्तुळ म्हणजे तीन चौरस किलोमीटरहून थोडा अधिक परिसर. सपाटीवरच्या शहरात हे चालून जाते. आपल्याकडे किनाऱ्यालगत खूण रोवली की वर्तुळाचा मोठा भाग समुद्रात जातो, आणि उरलेल्या भागात कॉलेजबरोबर बाजारपेठ, बंदर, सरकारी कचेऱ्या असे सगळेच येते. खाडीकाठी तर प्रकरण आणखी कठीण होते. दाभोळला कोणी वर्तुळ आखले तर पलीकडचे धोपावेही त्यात येऊ शकते, पण तिथल्या मुलाला दाभोळला जेवायला यायचे तर फेरीबोट गाठावी लागते आणि रस्त्याने यायचे तर खाडीला लांबचा वळसा घालावा लागतो. नकाशाला खाडी, घाटी, चढ यांतले काही कळत नाही, म्हणून ते तुम्हाला कळले पाहिजे. जिथून मुले चालत येऊच शकत नाहीत असे भाग जाहिरातीतून वगळण्याची सोय दोन्हीकडे आहे. ती अवश्य वापरावी.

रत्नागिरीचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे इथल्या शिक्षणसंस्था एका जागी नाहीत. गोगटे-जोगळेकर महाविद्यालय शहरात, अभियांत्रिकीचे फिनोलेक्स मिरजोळे एमआयडीसीत, मत्स्य महाविद्यालय शिरगावला. या सगळ्यांना कवेत घेणारे एक मोठे वर्तुळ आखले तर पैसे सबंध शहरावर खर्च होतील. तुम्ही चालत येणारे कॉलेज आणि जिथे डबा पोहोचवता त्या खोल्यांची वस्ती एवढ्याच दोन खुणा ठेवाव्यात.

याहून महत्त्वाचे असे की ‘विद्यार्थी’ हे एकच गिऱ्हाईक नाही. बरीच मुले आजूबाजूच्या गावांतून एसटीने येतात, पास काढलेला असतो, पुष्कळांचा डबा घरून आलेला असतो आणि संध्याकाळची गाडी चुकली तर वाडीपर्यंत पोहोचण्याची पंचाईत होते. अशा मुलाला संध्याकाळी सात वाजता पाठवलेली ऑफर वाया जाते, कारण तेव्हा तो घरी पोहोचलेला असतो. त्याला सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास ‘आज थालीपीठ आणि दही, ४० रुपये, पाच मिनिटांत तयार’ हे कळले तर तो मधल्या सुट्टीत येईल. दुसरी मुले घाटावरून किंवा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाहून आलेली, खोली घेऊन राहणारी. त्यांना दोन्ही वेळचे जेवण हवे असते, पावसात बाहेर पडायचे नसते, सुट्टीच्या दिवशी कुठे काय उघडे आहे हे कळायला हवे असते. तुमचे खरे उत्पन्न या दुसऱ्या गटात आहे.

आणि हा दुसरा गट शहरात नवा असतो, तेव्हाच लोकेशनवर आधारलेल्या प्रचाराचा सर्वांत जास्त उपयोग होतो. वर्षभर त्याच रस्त्याने जाणाऱ्या मुलाला तुमची पाटी ठाऊक असते. त्याला मोबाइलने नवीन काही सांगायचे नसते. पण प्रवेशाच्या दिवसांत कोल्हापूर-सांगलीकडून मुलीला घेऊन आलेले आईवडील एसटी स्टँडवर उतरतात, कॉलेजात कागद जमा करतात, खोली पाहतात आणि मग मोबाइलवर ‘जवळची मेस’ म्हणून शोधतात. त्या क्षणी नकाशावर तुमची खाणावळ दिसते की नाही, आणि दिसली तर तिथे काय लिहिलेले आहे, यावर पुढच्या वर्षभराची मेंबर ठरते.

म्हणून पहिले काम गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी तुमच्या खाणावळीची माहिती. ते मोफत आहे. पडताळणीसाठी अनेकदा दुकानाचा लहानसा व्हिडिओ मागितला जातो. त्यात पाटी, रस्ता आणि आतले स्वयंपाकघर दिसावे. नाव पाटीवर आहे तेच द्या. ‘रत्नागिरीतील सर्वोत्तम घरगुती मेस’ अशी शेपटे नावाला जोडणे गूगलच्या नियमांत बसत नाही. जवळच्या शोधात कोणाला वर दाखवायचे हे गूगल मुख्यतः तीन गोष्टींवर ठरवते: शोधलेल्या गोष्टीशी तुमची माहिती किती जुळते, तुम्ही किती जवळ आहात आणि तुमचा बोलबाला किती आहे. अंतर तुमच्या हातात नाही, पण माहिती पूर्ण भरणे सर्वस्वी तुमच्या हातात आहे.

खूण कुठे रोवली आहे ते स्वतः मोबाइल घेऊन, चालत जाऊन तपासा. आपल्याकडची घरे आवारात, चिऱ्याच्या गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आत असतात आणि खूण पुष्कळदा आवाराच्या मधोमध किंवा मागच्या गल्लीत पडते. नवा माणूस मग मागच्या बाजूने येतो, गडगा पाहतो आणि परत फिरतो. खूण रस्त्याला लागणाऱ्या बेड्यावर (आवाराच्या फाटकावर) असली पाहिजे. पत्ता धड सांगता येत नसेल तर गूगल नकाशात त्या जागेचा प्लस कोड, म्हणजे पत्त्याऐवजी वापरायचा छोटा संकेत, मिळतो, तो पावतीवर आणि पत्रकावर छापा.

नंतर वेळा. चतुर्थीला कोकणातली दुकाने बंद असतात आणि कॉलेजेही ओस पडतात, शिमग्यातही असेच होते. या दिवसांच्या खास वेळा आधीच भरून ठेवा. ‘उघडे आहे’ असे वाचून पावसात भिजत आलेल्या मुलाला बंद दार दिसले तर तो पुन्हा येत नाही आणि खोलीतल्या चौघांनाही सांगतो. फोटोंमध्ये सजवलेल्या ताटापेक्षा रोजचे खरे ताट, दराची पाटी आणि बसण्याची जागा दाखवा. मासे कोणत्या वारी असतात, शाकाहारी जेवण वेगळ्या भांड्यांत होते का, भाकरी मिळते का, श्रावणात काय असते, हे स्पष्ट लिहा. घाटावरच्या मुलांचे आईवडील नेमके हेच विचारतात.

अभिप्राय मागायला हरकत नाही, पण ‘पाच तारे द्या आणि सोलकढी मोफत घ्या’ असे करू नका. मोबदला देऊन अभिप्राय घेणे गूगलला मान्य नाही. असे अभिप्राय काढून टाकले जातात. तक्रारीचा अभिप्राय आला तर दोन वाक्यांत नम्र, खरे उत्तर द्या. वाचणारा तक्रारीपेक्षा तुमचे उत्तर अधिक बारकाईने वाचतो.

सशुल्क जाहिरात वर्षातून दोनदाच करा: प्रवेशाच्या दोन-तीन आठवड्यांत, आणि दिवाळीची सुट्टी संपून मुले परततात तेव्हा आठवडाभर. गूगलवर लोकेशनच्या सेटिंगमध्ये मूळचा पर्याय ‘त्या जागी असलेले किंवा त्या जागेत रस दाखवणारे’ असा असतो. तो तसाच राहिला तर पुण्यात बसून रत्नागिरीच्या सहलीची चौकशी करणाऱ्यालाही तुमची जाहिरात दिसेल आणि पैसे तुमचे जातील. तिथे ‘त्या जागी असलेले’ एवढेच निवडा. इन्स्टाग्रामवर त्या भागात राहणारे आणि नुकतेच तिथे येऊन गेलेले यांना वेगळे करता येत नाही, म्हणूनच मे महिन्यात जाहिरात करू नका. तेव्हा त्या वर्तुळात गणपतीपुळ्याला निघालेले पर्यटक असतात आणि विद्यार्थी आपापल्या गावी असतात. किमान वय १८ ठेवा.

दर वेळच्या जाहिरातीला एकूण दीड हजार रुपयांची मर्यादा घाला. मासिक मेंबर दोन्ही वेळ जेवतो, म्हणजे महिन्याला साधारण ५२ ताटे. मेंबरच्या ताटामागे तुम्हाला बाराच रुपये सुटतात असे धरले तरी एका मेंबरमागे ६२४ रुपये होतात, आणि तीन नव्या मेंबरांत जाहिरातीचा खर्च पहिल्याच महिन्यात निघतो. त्यामुळे जाहिरातीत एका ताटावरची सूट न देता ‘पहिले जेवण चाखून बघा, मग महिना ठरवा’ असे आमंत्रण द्यावे. सवलतीला सोकावलेले गिऱ्हाईक सूट संपली की जाते आणि १५ रुपयांच्या नफ्यात सूट द्यायला जागाच कुठे आहे?

आता नंबरांच्या यादीकडे येतो, आणि इथे मला अधिक ठामपणे लिहावेसे वाटते. मुलांनी आपले नंबर कॉलेजला प्रवेशासाठी दिले आहेत. ते कोणीतरी बाहेर काढून विकत असेल तर त्या मुलांचा, विशेषतः मुलींचा, विश्वासघात होतो आहे आणि यादी विकत घेणारा त्यात सहभागी होतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा पायाच मुळी संमती हा आहे. १८ वर्षांखालच्या व्यक्तीला हा कायदा बालक मानतो. अशांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि त्यांचा माग काढणे किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिरात करणे याला मनाई आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. अकरावी-बारावीची बहुतेक मुले या वयात येतात, हे लक्षात घ्या. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार असा की अनोळखी नंबरवरून आलेला संदेश मुले ब्लॉक करतात, तक्रार करतात आणि तशा तक्रारी वाढल्या की व्हॉट्सअ‍ॅप तुमचा नंबरच बंद करते. ठोक एसएमएसची वाटही तुमच्या कामाची नाही; त्यासाठी दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत नाव आणि मजकुराचा नमुना नोंदवावा लागतो.

त्याऐवजी गल्ल्याजवळ, पैसे भरण्याच्या क्यूआरशेजारी, दुसरा क्यूआर लावा. तो स्कॅन केला की तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर ‘मेनू पाठवा’ असा संदेश मुलगा स्वतः पाठवेल. पाटीवर मराठीत लिहा: ‘रोज एकच संदेश, फक्त मेनूसाठी. नको असेल तर “बंद” असे कळवा.’ आणि ‘बंद’ आले की त्याच दिवशी नंबर काढून टाका. ब्रॉडकास्ट यादीत (एकच संदेश प्रत्येकाला स्वतंत्रपणे पाठवण्याची सोय) २५६ नंबर मावतात आणि ज्याने तुमचा नंबर साठवून ठेवला आहे त्यालाच संदेश पोहोचतो, म्हणून नंबर साठवायला तोंडी सांगा. सर्वांचा मिळून ग्रुप मात्र करू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर इतर सर्वांना दिसतो, आणि तुमच्याकडे जेवणाऱ्या मुलीचा नंबर अनोळखी मुलांच्या हाती तुमच्यामुळे पडता कामा नये. यादी मोठी झाली तर व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल काढा. तिथे एकमेकांचे नंबर दिसत नाहीत.

डब्यांच्या बाबतीत एक सूचना. खोली सापडावी म्हणून डबेवाला मुलींकडून लाइव्ह लोकेशन मागत असेल तर ते ताबडतोब थांबवा. व्हॉट्सअ‍ॅपचे लाइव्ह लोकेशन आठ तासांपर्यंत चालू राहू शकते, म्हणजे डबा पोहोचल्यावरही ती मुलगी कुठे कुठे जाते हे त्या माणसाला दिसत राहते. पहिल्या दिवशी एकदाच ‘सध्याचे लोकेशन’ घ्यावे, तेही खाणावळीच्या नंबरवर, आणि वहीत ‘देवळामागची माडी, वरचा मजला’ असा पत्ता उतरवून घ्यावा. मेंबर गेली की तो पत्ता खोडून टाकावा.

या सगळ्याचा उपयोग होतो आहे की नाही, हे कळण्यासाठी नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ‘आमच्याविषयी कुठून कळले?’ असे विचारून वहीत नकाशा, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप, मैत्रीण, पाटी असे रकाने भरत जा. गूगल प्रोफाइलमध्ये किती जणांनी फोन लावला आणि किती जणांनी रस्ता विचारला हेही दिसते. ते महिन्याच्या शेवटी त्याच वहीत लिहा. प्रवेशाच्या जाहिरातीतून तीन मेंबर मिळाले नाहीत तर दिवाळीनंतरची जाहिरात करू नका आणि ते दीड हजार पावसाळ्यात डबे कोरडे पोहोचतील अशा चांगल्या झाकणाच्या पेट्यांवर खर्च करा. खूण तपासणे, फोटो काढणे, क्यूआर छापणे ही कामे तुमचा भाचा दोन दुपारींत करू शकेल. त्याची मजुरी त्याला द्या, आणि खात्याचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा.